उष्टी बासरी

माझ्या बासरीला कुणीतरी तोंड लावलं होतं.

मला कसं कळलं असं विचारू नका. आपल्या पेल्यातनं दुसरं कुणी पाणी प्यालं तर बाईमाणसाला कळतं की नाही? तसंच. सोमवारी सकाळी लातूरहून एसटीनं नांदेडला आले, विद्यापीठाच्या संगीत विभागातलं माझं कपाट उघडलं, बासरीची पिशवी हातात घेतली आणि तिथंच माझं डोकं फिरलं. पिशवीच्या नाडीला मी सुरगाठ मारते. तिथं एकावर एक दोन गाठी होत्या, गोणीचं तोंड बांधावं तशा. बासरी बाहेर काढली. बांबू लकाकत होता. नाकाशी नेली तर तेलाचा वास. मी मोहरीचं तेल वापरते, आणि खरं सांगायचं तर डिसेंबरपासून तेही लावलेलं नव्हतं. हा वास करडईचा होता.

आता आमच्यातली एक रीत सांगते. तबला कुणाचाही वाजवा, पेटी कुणाचीही ओढा, पण दुसऱ्याच्या बासरीला तोंड लावायचं नाही. बासरीत माणसाचा श्वास जातो, थुंकी जाते. दुसऱ्यानं फुंकली की ती उष्टी. माझ्या गुरुजींनी मला हे सांगितलं आणि मी पहिल्याच तासाला पोरांना सांगते. त्याच दमात दुसरंही सांगते, की आपल्या मराठवाड्याच्या उन्हात बासरी नुसती पडून राहिली की तडकते. तिला रोज फुंक पाहिजे, तेल पाहिजे, गाईला वैरण पाहिजे तसं. पोरं माना डोलावतात. आणि त्यांतल्याच एकानं माझ्या कपाटाची कडी काढली होती! कपाटाला कुलूप नाही. विभागात सगळी आपलीच माणसं, असं मी समजत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

डिसेंबरपासून तेल का लावलं नाही, तेही ऐका. माझ्या तोंडाला वारं गेलं. थंडीत एसटीच्या खिडकीशी बसून आले, सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी डाव्या कोपऱ्यातनं आपोआप गळायला लागलं. आरशात बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेक दिले, गाल फुगवायचे व्यायाम दिले. महिनाभर सुट्टी काढली आणि चेहरा सरळ झाला. बघणाऱ्याला आता काही कळत नाही. पण फुंक गेली. ओठ आवळायला गेले की हवा कोपऱ्यातनं फिस्स करून निसटते. सूर नाहीच, नुसता वारा. चहा पितानासुद्धा रुमाल धरावा लागतो. हे फक्त माझ्या आईला, शांतम्माला माहीत. तिला मी अव्वा म्हणते. तासांसाठी सोमवार ते बुधवार मी नांदेडला खोली घेऊन राहते, आणि बुधवारी संध्याकाळी लातूरला तिच्याकडं परतते.

बासरी शिकवणारी बाई आणि तिला बासरी फुंकता येत नाही! मी तासिका तत्त्वावरची, पक्की नोकरी नाही. दर उन्हाळ्यात समिती येते आणि पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते ठरवते. ही गोष्ट बाहेर फुटली असती तर माझं शिकवणं त्याच दिवशी संपलं असतं. आणि शिकवण्याशिवाय मला उरलं काय होतं हो? म्हणून मी गाऊन शिकवायला लागले. सूर गायचे, पोरांची बोटं धरून भोकांवर ठेवायचे, कुणाचा श्वास कुठं मोडला ते कानानं धरायचे. पोरं वाजवत होती आणि चांगली वाजवत होती. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "ऐकायला शिका. बघून तर माकडंबी शिकतात."

तर बासरी कुणी काढली? आणि कशाला? मी तर्क केला. बाई वाजवत नाही, बासरी कोरडी पडलीय, हे बघायला काढली. फुंकून बघितली, बंद आवाज आला, खात्री पटली. मग माझ्या ध्यानात येऊ नये म्हणून तेलाचा हात फिरवला. लई हुशारी! पण तेल चुकलं.

करडईचं तेल आजकाल शहरात कोण खातं? दुपारी पोरं डबे खात होती. मी त्यांच्यात कधी बसत नाही. त्या दिवशी बसले. एकीनं अर्धापूरची केळी पुढं केली, एकानं ठेचा. आणि ऋतुजानं झाकण काढलं तसा तो वास आला. ऋतुजा मुखेडकडची. घरची कोरडवाहू जमीन, त्यात करडई, घाण्यावरनं काढलेलं तेल. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पोरींमधली सगळ्यात चांगली फुंक तिचीच, मीच तयार केलेली.

"तेल घरचंच का गं?" मी विचारलं.

"हाव मॅडम. आई पाठवती. तुमाला आणू का बाटली?"

म्हणजे बघा, काय धाडस! वरनं मलाच बाटली देते म्हणे. मी म्हणाले, "नको. मला मोहरीचं चालतं." तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मला आठवलं की ही पोरगी कितीतरी दिवस अशीच बघते. मी चहा प्यायला लागले की हिचे डोळे माझ्या रुमालावर.

त्याच दिवशी तासाला हरिओम म्हणून एक पोरगा आहे, तो म्हणाला, "मॅडम, हे कोमल गंधाराचं एकदा वाजवून दावा की." मी तोंड उघडायच्या आत ऋतुजा त्याच्यावर खेकसली, "गाऊन दावल्यालं कळत न्हाई व्हय तुला? कान कुठं गहाण टाकून आलास?" पोरं हसली. मी हसले नाही. ही माझी बाजू घेऊन राहिली होती, का सगळ्यांपुढं मला चिमटा काढून राहिली होती? त्या रात्री मला झोप लागली नाही.

बुधवारी उरलासुरला संशयही फिटला. विद्यापीठाच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे. तिथं ऋतुजा आणि संगमेश्वर बोलत उभे. हा संगमेश्वर उदगीरचा. लग्नकार्यात बासरी वाजवतो, बोलायला गोड, आणि माझ्या जागेवर त्याचा डोळा आहे हे विभागातल्या पंख्यालासुद्धा माहीत. तो वाकून काहीतरी विचारत होता आणि ही मान डोलावून सांगत होती. मला बघितल्याबरोबर गप्प झाली. आता बोला!

वर गेले तर विभागप्रमुख भीमाशंकर सरांनी बोलावलं. सर भला माणूस आहे, पण भल्या माणसाला दम नसतो. कागद सरकवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, यंदाच्या समितीपुढं तुम्हाला वाजवून दाखवावं लागेल. दहा मिनिटं. वरच्या लोकांच्या कानावर गेलंय, की तुम्ही तासाला वाजवत नाही."

"कुणी घातलं कानावर?"

"ते राहू द्या."

"राहू कसं द्या, सर? माझ्या पोटावर पाय देणाऱ्याचं नाव तरी कळू द्या."

सर चष्मा पुसत बसले. नाव सांगायची गरजच नव्हती. माझ्या डोळ्यांपुढं करडईचा डबा होता.

लातूरला आले ती तणतणतच. अव्वा देवघरापुढं बसून इष्टलिंगाची पूजा करत होती. तिची पूजा होईपर्यंत मला धीर धरवेना. सगळं ओकून टाकलं. अव्वा शांतपणे विभूती लावत म्हणाली, "अय्यो, पण त्या पोरीनंच केलं कशावरनं? इचार तिला."

"विचारलं की कानावर हात ठेवणार. चोर कधी कबूल होतो का?"

"मंग तुझा धाकटा भाऊ अंगठा चोखायचा तवा काय केलं मी? इचारत बसले का त्याला? अंगठ्याला मिरची चोळली. दुसऱ्या दिवशी घरभर बोंब." अव्वा हसली. ती थट्टेनं बोलली होती. मी मात्र ते मनात धरलं.

पुढच्या आठवड्यात बासरीवर पुन्हा दोन गाठी, पुन्हा तो वास. मग बुधवारी, सगळी पोरं गेल्यावर, मी दार लोटलं. पदराला बांधून आणलेल्या दोन लवंगी मिरच्या मधोमध चिरल्या आणि बासरीच्या फुंकायच्या भोकाला आतनं बाहेरनं चोळल्या. कडेला, जिथं खालचा ओठ टेकतो तिथं, जास्त चोळल्या. माझीच बोटं चुरचुरायला लागली. सुरगाठ मारली, कडी लावली. मी लातूरला गेल्यावर ही बया कपाट उघडेल, फुंकेल, आणि सोमवारी तिचा सुजलेला ओठच मला साक्ष देईल. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. बसमध्ये बसून मी चक्क शेंगा खाल्ल्या.

अहमदपूरच्या अलीकडं फोन वाजला. भीमाशंकर सर. "मॅडम, समिती पुढच्या आठवड्यात नाही, उद्या सकाळीच येतेय. परत फिरा."

माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. वाटलं, आजारी आहे म्हणून सांगावं. पण मग तर आयतं कोलीतच. अहमदपूरला उतरले, उलटी बस धरली, नांदेडच्या खोलीवर येऊन पडले. सकाळी लवकर जाऊन बासरी धुवायची आणि सरांना म्हणायचं, घसा बसलाय, ताप आहे, काहीही, असं ठरवलं. पण कशाचं काय! मी पोचले तेव्हा समिती येऊन बसलेली. अध्यक्ष पिकल्या केसांचे गवई, शेजारी दोन साहेब, भिंतीशी माझी सगळी पोरं. आणि मधल्या टेबलावर, तबकात ठेवल्यासारखी, माझी बासरी. सरांनी कपाटातनं काढून, पिशवी सोडून, कौतुकानं मांडून ठेवली होती.

"या मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "तोडी ऐकवा. वेळही तोडीचीच आहे."

फुंक नाही हे तर होतंच. वर मिरची. दुसऱ्यासाठी खणलेला खड्डा आणि काठावर मीच उभी. मी टेबलापाशी गेले. बासरी उचलायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. अध्यक्षांनी ते बघितलं. साहेबांपैकी एकानं दुसऱ्याकडं बघितलं. संपलं, मी मनात म्हणाले. उमादेवी, संपलं तुझं.

"सर, मॅडम न्हाई वाजवणार ही."

ऋतुजा भिंतीपासनं पुढं आली होती. झालं, आता ही सगळ्यांपुढं सांगणार!

"का नाही वाजवणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"ही बासरी मॅडमनी यंदा मला दिलीया. मी रोज वाजवते. माझी उष्टी हाय ती. शिष्याला दिल्याली बासरी गुरू परत तोंडाला लावत न्हाई. मॅडमनी पहिल्याच तासाला शिकवलंय आमाला."

भीमाशंकर सर चाचरत म्हणाले, "अगं, पण ही तर मॅडमच्या कपाटात..."

"माझ्या खोलीवर पत्रे हायेत सर. उन्हानं तडकंल म्हणून इथं ठिवते. वास घिऊन बघा. मॅडम मोहरीचं लावतात. हे आमच्या घरच्या करडीचं तेल हाय."

अध्यक्षांनी बासरी उचलून तिचं खालचं टोक नाकाशी नेलं आणि खरंच वास घेतला. त्यांची मान हलली. "करडईच आहे," ते म्हणाले. "गुरूनं हातातली बासरी द्यायची, हे आता कुठं राहिलंय? बरोबर आहे, मॅडम. तुम्ही नका लावू तोंड. मुली, तूच वाजव."

आणि त्यांनी ती बासरी तिच्या हातात दिली.

माझ्या तोंडात आलं होतं, "ठेव ती खाली!" एवढे तीनच शब्द. पण पुढचा प्रश्न आला असता, का? मग मिरची सांगावी लागली असती, मग वारं, मग सगळंच. मी उभी राहिले. नुसती उभी राहिले हो, मेल्यासारखी. तिनं बासरी ओठाला लावली.

पहिला सूर लावला आणि तिच्या भुवया वर गेल्या. मला कळलं. दुसऱ्या श्वासाला आग आत गेली असणार, कारण तिच्या गळ्याची शीर तटतटली. आता ठसका लागणार, आता बासरी खाली येणार. आली नाही. तिनं डोळे मिटले आणि कोमल रिषभावर सूर धरून ठेवला, मी गाऊन दाखवला होता तसाच, ना वर ना खाली. मिटल्या डोळ्यांतनं पाणी गालांवर उतरायला लागलं. नाक लाल झालं. ओठ थरथरला, तरी फुंक तुटली नाही. जिथं जिथं मी तिला श्वास घ्यायला शिकवलं होतं, तिथंच तिनं श्वास घेतला. प्रत्येक श्वासाबरोबर ती मिरची आत ओढून घेत होती, आणि हे त्या खोलीत मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

तिनं बासरी खाली ठेवली. अध्यक्ष माझ्याकडं वळून म्हणाले, "पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं बघा. हा भाव शिकवून येत नाही. शिष्याची फुंक ऐकली, तुमचं प्रात्यक्षिक झालं." साहेबांनी सह्या केल्या. भीमाशंकर सरांनी सगळ्यांना चहा मागवला.

मी चहाला थांबले नाही. मागच्या व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, तिथं गेले. ऋतुजा ओंजळीनं तोंडावर पाणी मारत होती. खालचा ओठ टम्म सुजलेला. मला बघून तिनं आधी आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं, मग हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगते, भिऊ नका. तुमच्या बासरीला कुणीतरी मिरची चोळलीया."

मी माझी बोटं पदराखाली लपवली.

"बरं झालं मी वाजवली. तुमचं तोंड आत्ता कुठं नीट होऊन राहिलंय. तुमी लावली असती तर? आमच्या आत्यालाबी वारं गेलं होतं मॅडम, तीबी चहा रुमाल धरूनच प्यायची. मला कवाच कळलं होतं. म्हणून तुमी लातूरला गेल्यावर मी बासरी फुंकून, तेल लावून ठेवत होते. तुमी बऱ्या व्हईपतुर ती तडकाया नगं. उष्टी केली, चुकलं माझं. पण फुंकल्याबिगर कशी जगवायची?" तिनं पुन्हा ओठावर पाणी मारलं. "मला त्या संगमेश्वरचा संशय हाय. टपरीवर मला इचारत होता, मॅडम वाजवतात का अजून म्हणून. मी म्हणलं, रोज वाजवतात. त्याचा इश्वास बसला नसंल. लई वाईट माणूस. सांभाळून ऱ्हावा मॅडम, हितं कुणीतरी तुमच्या वाईटावर हाय."

एक "हं" म्हटलं असतं तरी भागलं असतं. संगमेश्वरवर शेकलं असतं आणि तो काही धुतल्या तांदळाचा नव्हताच. वरच्या लोकांच्या कानावर त्यानंच घातलं होतं, हे आता माझ्याही ध्यानात आलं होतं. "हं" माझ्या ओठापर्यंत आलंसुद्धा. पण त्या पोरीचा ओठ बघून ते तिथंच मेलं.

"संगमेश्वर नाही गं," मी म्हणाले. "मी लावली."

तिला आधी कळलंच नाही. "तुमी? स्वतःच्या बासरीला? कुणासाठी?"

"चोरासाठी."

नळ तसाच वाहत होता. ऋतुजानं तो बंद केला. ओढणीनं तोंड पुसलं, सावकाश, सुजलेल्या ओठाला धक्का लागू न देता.

"मंग सापडला की मॅडम," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. दिवसाढवळ्या, व्हरांड्यात, पोराटोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर मी रडले. मग आत गेले, बासरी आणली, नळाखाली साबण लावून धुतली, पदरानं पुसली आणि तिच्यापुढं धरली. "आत सगळ्यांपुढं म्हणालीस ना ही तुझी? मग ती तुझीच. घे."

तिनं घेतली. एरवी माझ्या हातनं साधा कागद घेतानासुद्धा ती पोरगी वाकून पायाला हात लावायची. त्या दिवशी नाही लावला.

सोमवारी लातूरहून येताना वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं, ती येणार नाही. आली. नेहमीच्या जागेवर, माझ्यासमोर बसली. ओठ उतरला होता. तिनं पिशवीच्या दोन गाठी सोडल्या, बासरी काढली. बाकीची पोरं सूर धरायला लागली. ऋतुजानं बासरी लगेच तोंडाला लावली नाही. करंगळी भोकाच्या कडेवरनं फिरवली, ती जिभेच्या टोकाला लावली, आणि थोडा वेळ थांबली. माझ्याकडं बघितलं नाही.

मग तिनं तोडी सुरू केली.